वर एक तोंड, खाली एक तोंड

त्या सकाळी मला छकुलीचे मोजे आणायला पाठवलं होतं. जाड, लोकरीचे, करड्या रंगाचे. ती डेकवर, समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या लोखंडी गोळ्याच्या शिडीपाशी उभी होती. कुणी तिचे पट्टे आवळत होतं, कुणी पाण्याची बाटली देत होतं, कुणी नुसतीच पाठ थोपटत होतं. आणि मोहिमेचे प्रमुख, आमचे सर, मान वळवून मला म्हणाले, "अगं, तिचे मोजे राहिलेत केबिनमध्ये. पळ जरा. खाली गारठा असतो."

खाली गारठा असतो हे मला सांगायची गरज नव्हती. खाली काय काय असतं ते त्या जहाजावर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनाही नाही, त्यांच्या पांढऱ्या केसांना तर नाहीच.

किनारा सोडून जहाज अर्धा दिवस पुढे गेलं की समुद्राचा तळ एकाएकी फाटतो. तोवर उथळ, सपाट, कंटाळवाणा असतो, आणि मग एक घळ उघडते, दोन्ही बाजूंना कडे आणि मधे नुसता काळोख. जमिनीवर अशी दरी असती तर तिच्या काठाला रेलिंग लावलं असतं, हॉटेलं निघाली असती, नवरा-बायको दरीकडे पाठ करून फोटो काढत बसले असते. पाण्याखाली आहे म्हणून कुणाला पत्ता नाही. मी तिच्यावर प्रबंध लिहिला. तिच्या प्रत्येक वळणाचा नकाशा डोळे मिटून काढू शकते. ती मात्र कधी पाहिली नव्हती. जाळ्यात अडकून वर आलेले तिचे तुकडे पाहिले होते, बरण्यांत, फिकट पडलेले. तरी मी तिला 'माझी घळ' म्हणायचे.

आणि माझ्या घळीत उतरत होती छकुली. माझी धाकटी बहीण, आमच्या घरचं शेंडेफळ. माझ्या मागून माझ्याच कॉलेजात आली, माझ्याच विषयाला बसली, माझ्याच नोट्स वाचून माझ्यापेक्षा चांगली पास झाली. घरी काही बोलावं तर आईचं ठरलेलं, "लहान आहे ना ती, घेऊ दे." सायकल घेऊ दे, खिडकीची जागा घेऊ दे. आता समुद्र घेऊ दे.

गोळ्यात चालक सोडून एकालाच जागा असते. सरांनी सगळ्यांसमोर निवड जाहीर केली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हुशार आहेस, प्रश्नच नाही. पण तुझं डोकं लगेच तापतं. खाली शांत माणूस लागतो."

"आणि मी काय करू?"

"तू फोनवर. तुझं तोंड नाहीतरी बंद नसतंच!"

सगळे हसले. मीही हसले, सगळे दात दाखवून.

मोजे घेऊन आले तेव्हा छकुली शिडी चढत होती. खाली वाकून तिने ते घेतले आणि म्हणाली, "ताई, तू फोनवर आहेस म्हणून मला भीती नाही वाटत बघ."

"वाटायला हवी," मी म्हणाले. "जा आता, सगळे ताटकळलेत."

फोनची खोली म्हणजे डेकवर ठेवलेला एक लोखंडी डबा. बाहेर टळटळीत ऊन होतं, आत रात्रच. खिडकी नाही, दार लावलं की फक्त पडद्यांचा हिरवा उजेड आणि तापलेल्या वायरींचा करपट वास. आम्ही तिघं होतो. मी फोनपाशी, माझ्या खांद्यामागे सर, आणि शेजारी एक जण, ज्याला जहाजावर सगळे ठिपकेवाला म्हणायचे, कारण गोळा पाण्यात कुठे आहे ते दाखवणारा ठिपका बघत बसणं एवढंच त्याचं काम होतं.

हा फोन समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गोळ्याला दोरी नसते, वायर नसते, आणि रेडिओ पाण्यात चालत नाही. मग माणसाचा आवाजच पाण्यात सोडायचा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आवाज खाली पोचायला वेळ लागतो, उत्तर वर यायला तेवढाच. एक मोठा श्वास घेऊन सोडावा इतकं ते वाट बघणं असतं. आणि जो येतो तो आवाज माणसाचा राहिलेला नसतो. रिकाम्या मडक्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा येतो.

म्हणून तिथे कडक नियम असतात. पहिला: वर एक तोंड, खाली एक तोंड. जास्त माणसं बोलली की पाण्यात सगळ्याचा काला होतो. खाली कानाला फोन लावून छकुली, वर मी. शेजारी बसलेल्या चालकालाही काही ऐकू येत नाही, छकुली सांगेल तेवढंच. दुसरा: मिळालेला निरोप परत म्हणून दाखवायचा, म्हणजे काय पोचलं ते कळतं. तिसरा नियम सरांचा लाडका. काहीही झालं तरी वरचं तोंड गोड राहिलं पाहिजे. "घाबरलेल्या माणसाशी चढ्या आवाजात बोललीस की तो मेला," ते म्हणायचे. "आवाजात साखर ठेव, साखर."

साखर ठेवली. काय करणार?

"समजलं. उतरायला सुरुवात," छकुलीचा आवाज आला, आणि ठिपका खाली सरकू लागला.

सुरुवातीला ती नुसती बोलत होती. निळा संपला, ताई. आता जांभळा. आता काहीच नाही. मग, "ताई, बर्फ पडतोय गं!"

बर्फ नव्हे तो. वरच्या पाण्यात जे जे मरतं त्याचा चुरा खाली पडत असतो, दिवसरात्र, आणि खालचे सगळे त्यावर जगतात. हे मीच तिला शिकवलं होतं. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "छान."

"बाहेर एक माळ आहे. दिव्यांची. लांबच लांब, संपतच नाहीये. एका टोकाला निळी होते आणि निळेपणा चालत चालत दुसऱ्या टोकाला जातो..."

ती माळ म्हणजे एक प्राणी असतो. की अनेक? प्रत्येक मणी वेगळा जीव, एकाने पोहायचं, एकाने खायचं, एकाने नुसतं चमकायचं, आणि सगळे मिळून एक. माझ्या बरणीत त्याच्या फक्त चिंध्या होत्या. "छान," मी म्हणाले. मनात आलं, काच धुकट होऊ दे हिची.

मग कडा आला. प्रवाळाचे पंखे, माणसाच्या उंचीचे. काचेसारखे स्पंज. त्यांना हात गुंफून बसलेले तारामासे, प्रवाहाकडे तोंड करून, सिनेमा बघायला बसल्यासारखे. ती सांगत होती आणि सर माझ्या खांद्यावरून "वा! वा!" करत होते, जणू त्यांनीच ते प्रवाळ लावले होते. मी बटणावरचा अंगठा इतका दाबून ठेवला होता की नख पांढरं पडलं.

त्या कड्यावर एक जागा आहे. मीच ती नकाशावर शोधली, मीच तिला 'छप्पर' असं नाव दिलं. तिथे खडक पुढे आलेला आहे आणि त्याच्याखाली पोकळी आहे, किती आत जाते ते कुणाला माहीत नाही. उतरण्याआधी मी सगळ्यांना बजावलं होतं, छपराखाली जायचं नाही. गोळ्यात काही बिघडलं तर एकच उपाय असतो: पोटाला बांधलेली लोखंडी वजनं सोडून द्यायची, मग गोळा बुचासारखा आपोआप वर येतो. पण डोक्यावर दगड असेल तर तो त्या दगडाला जाऊन चिकटतो आणि तिथेच राहतो. आतली हवा संपेपर्यंत. आणि गोळ्याला डोक्यावर खिडकी नसते. आपण छपराखाली शिरलो हे आतून दिसतच नाही. ते फक्त ठिपक्यावरून कळतं, म्हणजे आम्हाला, वर.

 थोडा वेळ गोळ्याच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तिचा आवाज आला, कामाचा, सरळ.

"समजलं. पुढे सरकते. छपराच्या कडेपर्यंत."

माझा अंगठा बटणावर नव्हता. कपाळावरचे केस मागे घेत होते मी.

ठिपकेवाल्याने खुर्ची वळवली. "तू सांगितलंस?"

"मी तोंडही उघडलेलं नाही."

"मग ती कुणाचा निरोप परत म्हणतेय?" सर म्हणाले.

"तेच तर!" मी बटण दाबलं. "छकुली, थांब. मी काही सांगितलेलं नाही. पुढे जाऊ नकोस."

श्वास आत, श्वास बाहेर.

"असं काय करतेस ताई? आत्ताच तर म्हणालीस. कडेच्या आत खरी गंमत आहे म्हणालीस." ती हसली. मडक्यात हसू फुटल्यासारखं वाटलं. "आणि आता किती भरभर उत्तरं देतेस! मघाशी केवढी वाट बघावी लागत होती. आता मी विचारते न विचारते तोच तू बोलतेस."

 डब्यात आम्हा तिघांनाही ते एकदमच कळलं असणार. पाणी कुणासाठी आवाज लवकर नेत नाही. ताबडतोब उत्तर द्यायचं तर उत्तर देणाऱ्याला अगदी जवळ असावं लागतं.

"प्रतिध्वनी," सर म्हणाले. "घळ आहे. दोन कडे. तुझंच आधीचं बोलणं फिरून फिरून..."

"प्रतिध्वनी शब्द वाढवत नाही, सर."

"तुझा हाच उद्धटपणा—"

"गप्प बसा जरा!" मी म्हणाले आणि कान लावला. माझं "थांब" खरोखरच परत येत होतं. एका कड्यावरून आलं, पुसट. दुसऱ्या कड्यावरून आलं, आणखी पुसट. मग आम्हाला वाटलं की संपलं. आणि मग तिसऱ्यांदा आलं, पुसट नाही, स्वच्छ, माझ्याच आवाजात, पण मी तसं कधी बोलत नाही, इतकं मऊ...

"थांबू नको गं, बाळा... ये."

ठिपकेवाल्याने हातातली पेन्सिल हळूच टेबलावर ठेवली.

तुम्हाला एक सांगते. खोल पाण्यात कुणी कुणाचा पाठलाग करत नाही. अन्न इतकं कमी असतं की धावणं परवडतच नाही. तिथले शिकारी तोंड उघडून बसतात आणि बोलावतात. ज्याला जे आवडतं ते त्याच्यापुढे धरतात. कुणासाठी इवलासा दिवा, कुणासाठी जोडीदाराचा वास. हे मी प्रबंधात लिहिलं होतं, एक अख्खं प्रकरण. पण ते माशांबद्दल होतं.

छकुलीला काय आवडतं हे मला माहीत होतं. तिला आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी तिला कधी दिली नव्हती. गोड बोलणारी ताई.

"ठिपका हलतोय," ठिपकेवाला म्हणाला. पडद्यावर छपराची रेघ होती, आणि ठिपका तिच्याकडे चालला होता, मुंगीच्या चालीने.

सरांनी माझा खांदा दाबला. "आवाज चढवू नकोस. ती गोंधळली आहे. हळू बोल. साखर ठेव."

आणि मी ऐकलं! जन्मात मोठ्यांचं न ऐकणारी मी, त्या एका घटकेला मी ऐकलं. भीतीने माणूस आज्ञाधारक होतो. मी शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाले, "छकुली, ऐक हं माझं. घाबरू नकोस. हळूच मागे फिर. चालक काकांना सांग, मागे घ्या."

श्वास आत. श्वास बाहेर.

"ताई..." आता तिचा आवाज बदलला होता. "ताई, तुम्ही दोघी बोलताय."

"दोघी नाहीत. मी एकटीच आहे."

"ती पण हेच म्हणाली. आत्ताच, तुझ्याआधी." मडक्यात तिचा श्वास घुमला. "एक म्हणतेय मागे फिर, एक म्हणतेय ये. दोघीही तू. दोघीही सारख्याच बोलताय..."

सरांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मी बोलतोय! ताबडतोब वर या, हा माझा हुकूम आहे!" ते ओरडले.

उत्तरात तिची किंकाळी आली. "हे कोण? तिसरं कोण आहे तिथे? ताई, कुणीतरी गुरगुरतंय..."

मी फोन परत हिसकावला. नियम मोडला की हे असं होतं. पाण्याला सरांचा हुद्दा काय माहीत?

"काहीतरी विचार मला!" मी म्हणाले. "जे फक्त आपल्या दोघींनाच माहीत असेल असं."

तिने विचारलं. घाबरलेल्या पोरीला सुचावं तेच सुचलं. "माझी निळ्या डोळ्यांची बाहुली... तू कुठे लपवली होतीस?"

"माळ्यावर. जुन्या गादीच्या खोळीत."

श्वास आत, श्वास बाहेर, आणि मग ती रडायला लागली. "हे तर तिनेही सांगितलं... आणि तुझ्या आधी सांगितलं."

अर्थात आधी. ती जवळ होती. मी काहीही सांगितलं असतं तरी तिचं आधी पोचणार होतं. मी तिथे दुसरीच राहणार होते, पुन्हा एकदा. खरं सांगते, त्या क्षणी, बहिणीचा जीव टांगणीला लागलेला असताना, माझ्या पोटात जे पेटलं ते भीतीचं नव्हतं. माझी घळ. माझी बहीण. आणि तिथे खाली कुणीतरी माझा आवाज घालून माझ्याहून चांगली ताई होऊन बसली होती!

"रेघेला टेकलाय," ठिपकेवाला पुटपुटला. "अजून थोडं, की संपलं."

मग माझ्या लक्षात आलं. ती सगळं चोरू शकते. आवाज चोरलाय, बाहुली चोरलीय. पण ती ज्या गोडीने बोलतेय, तसं मी कधी बोलतच नाही. सरांची साखर घालून मी तिची नक्कल करत होते, ती माझी नाही.

मी बटण दाबलं.

"ए शेंडेफळ! ऐक, मूर्ख! मला तुझा राग येतो. कळलं? मला तुझा जन्मापासून राग येतो. ती जागा माझी होती. ती घळ माझी आहे, तिचा एकेक दगड मी शोधलाय, आणि तिथे तू बसलीयस माझे धडे पाठ करून! मघापासून 'छान छान' म्हणतेय ना मी, ते सगळं खोटं आहे. त्या माळेचं सांगत होतीस तेव्हा मला वाटत होतं तुझी काच धुकट होऊ दे, तुला काही म्हणजे काही दिसू नये! माझी सायकल घेतलीस, माझी खिडकी घेतलीस, माझी आईसुद्धा अर्धी घेतलीस. ज्या ताईने तुला कधी जवळ घेतलं नाही ती आज बाळा-बाळा करेल का गं? अक्कल गहाण ठेवलीस का? वजनं सोड आणि वर ये. वर आलीस की मी तुझ्याशी महिनाभर बोलणार नाहीये. कधी कधी तर मला वाटतं तू—"

मी अंगठा उचलला. त्याच्या पुढचं वाक्य माझ्या दातांत होतं, ते मी तिथेच दाबून धरलं. सर आणि ठिपकेवाला दोघेही माझ्याकडे बघत होते.

श्वास आत, श्वास बाहेर. काही नाही. आणखी एक श्वास. घरघर. वायरींचा करपट वास. ठिपका रेघेवर बसलेला, ना अलीकडे ना पलीकडे. पाण्यातून कसलासा खळखळाट आला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा.

मग, अगदी शांत आवाजात: "समजलं. वजनं सोडली. वर येतोय."

ठिपकेवाल्याने तोंडावर हात ठेवला. ठिपका रेघेपासून सुटला आणि चढू लागला.

गोळा वर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. झाकण उघडलं, आधी चालक काका बाहेर आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय, बाई? ती म्हणाली पुढे, मी पुढे. ती म्हणाली सोडा, मी सोडली. मधे जरा रडत होती. नवीन पोरं रडतात." मग छकुली आली, पांढरीफटक, पायात ते करडे मोजे, आणि सगळं जहाज तिच्याभोवती गोळा झालं. कुणी पांघरूण दिलं, कुणी गरम चहा आणला, कुणी पाठ थोपटायला लागलं. सर सगळ्यांना सांगत होते, "शांत डोकं! शांत डोक्यामुळे निभावलं." मी गर्दीच्या मागे उभी होते. जीव वाचवला मी, आणि पांघरूण तिला. बरं, असू दे. ती वर आली होती. मला तेवढंच हवं होतं, निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

संध्याकाळी केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो. वरच्या बाकावर मी झोपायचे, खालच्यावर ती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. छताचा दिवा जहाजाबरोबर हळूहळू डुलत होता. 

"महिनाभर बोलणार नव्हतीस ना?" ती म्हणाली.

"उद्यापासून."

ती हसली. मग पांघरुणाची कड बोटांना गुंडाळत म्हणाली, "तू एवढं सगळं बोललीस ना ताई, तरी मला खात्री पटत नव्हती. वाटलं, ती रागावूनही बोलू शकत असेल. मी काकांना सांगणारच होते, जरा पुढे घ्या. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि पटलं. हे दुसरं कुणी बोलूच शकत नाही. ही माझीच ताई."

"कुठलं शेवटचं?"

"मी ते परत म्हटलं नाही. काका शेजारी होते ना. आणि वर सर." तिने मान खाली घातली. "मला वाईट नाही वाटलं गं. खरंच. उलट बरं वाटलं, एकदाचं बोललीस म्हणून."

"छकुली, कुठलं वाक्य?"

"'कधी कधी तर मला वाटतं तू तिथेच राहावंस, वर येऊच नयेस.'"

दिवा डुलत होता. तिची सावली भिंतीवर लांब व्हायची, आखूड व्हायची.

शब्दन् शब्द तोच होता. पण मी तो बोलले नव्हते. अंगठा उचलला होता मी, सर आणि ठिपकेवाला साक्षीला होते. ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेरच पडलं नव्हतं. जे ऐकून ती वर आली ते मी म्हटलेलं नव्हतं.

"ते... फोनमधून ऐकू आलं तुला?" मी विचारलं.

तिने जरा आठवून पाहिलं. "नाही गं. फोनमधून तुझं 'तू' एवढंच आलं आणि तुटलं. पुढचं मागून आलं." तिने डाव्या कानाला हात लावला. "इथून. अगदी जवळून. मला वाटलं तुझा आवाज घुमला असेल आत."

मी तिचे केस बाजूला केले. कानामागे, मानेच्या वरच्या टोकाला, काहीतरी पांढरं होतं. मी बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. मीठ. गोळ्यात समुद्राचा थेंब शिरत नाही, शिरला असता तर दोघांपैकी कुणी परत आलं नसतं. आत भिंतींवर पाणी जमतं ते आतल्या माणसांच्या श्वासाचं, त्याला खारट चव नसते. आणि त्या गारठ्यात घाम कुणाला येतो? मी दिव्याकडे तिची मान वळवून नीट पाहिलं. मिठाच्या दोन बारीक रेघा होत्या, एक वरून वाकलेली, एक खालून, आणि मधली जागा कोरडी. ओल्या ओठांनी कानाला लागून बोलावं आणि मग ते सुकावं, तशा.

"काय आहे ताई?"

"काही नाही गं, बाळा," मी म्हणाले.

तो शब्द माझ्या तोंडी कसा आला मला माहीत नाही. इतका मऊ आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता.

 छकुली हळूहळू मागे सरकत गेली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.